वाचक विचारतात : डुकरांच्या तापाचा नकाशा

गेल्या अंकात आफ्रिकन स्वाइन फीवरवर मी अर्धं पान लिहिलं आणि सोबत आसामातल्या माझ्या जुन्या वहीतला पेन्सिलीने काढलेला एक नकाशा छापला. मला वाटलं होतं, डुकरांवरचं कोण वाचतंय. पत्रं आली एकोणीस. गाईम्हशींच्या लेखावर कधी एवढी येत नाहीत. शिरवळला पशुवैद्यकी शिकून बाहेर पडले आणि पुढे अकरा वर्षं गुवाहाटीला मुक्काम केला, त्यामुळे हा विषय मला पुस्तकात कमी आणि चिखलात जास्त भेटला. जागेअभावी सहाच पत्रं घेतली आहेत, तीही थोडी छाटून.

प्रश्न : २००९ साली आमच्या पुण्यात स्वाइन फ्लूची केवढी दहशत होती! तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो. हा तोच आजार नाव बदलून आला आहे का? — एक ज्येष्ठ वाचक, पुणे

नाही काका. त्या साली ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो एच१एन१ या फ्लूच्या विषाणूने, आणि तो पसरत होता माणसाकडून माणसाला. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला, आणि तो आजारी पाडतो फक्त डुकराच्या कुळाला. माणसाला होत नाही, कुत्र्याला नाही, गाईला नाही. डुकराला झाला तर मात्र गोठाच्या गोठा रिकामा होतो.

गोंधळ घालणारा भाऊ वेगळा आहे, क्लासिकल स्वाइन फीवर. तोही डुकरांचाच. कडक ताप, खाणं बंद, कान लालनिळे, सगळी एकमेकांवर रेलून पडलेली. दोन्ही आजार बाहेरून बघून ओळखता येत नाहीत, मलाही नाही. फरक असा की क्लासिकलची लस आपल्याकडे आहे. आफ्रिकनची लस व्हिएतनामने २०२३ मध्ये बाजारात आणली, भारतात वापरात नाही. हा सारखेपणा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात त्याने काय घोळ केला ते येतंय.

प्रश्न : मी भूगोलात एम.ए. करते. प्रकल्पासाठी भारतातल्या या रोगाचा प्रसार नकाशावर दाखवायचा आहे. बातम्यांतून जिल्ह्यांची नावं आणि तारखा गोळा केल्या आहेत, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर येतं. जास्त उद्रेक झालेले जिल्हे गडद लाल करणार आहे. जोखमीचे घटक कसे शोधायचे? — एक विद्यार्थिनी, नागपूर

लाल रंग जरा बाजूला ठेव, आणि मला सांग, तुझ्या नकाशावरचा एक ठिपका म्हणजे काय? डुक्कर मेलं ते? मालकाने कळवलं ते? की भोपाळच्या प्रयोगशाळेने होकार दिला ते?

आसामात २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीपासून डुकरं मरत होती. धेमाजी, लखीमपूर, दिब्रुगड, शिवसागर, पलीकडे अरुणाचलात सियांगच्या बाजूला. सगळ्यांना वाटलं, नेहमीचा क्लासिकल आहे. तिकडे तो दरवर्षीचा पाहुणा, संशय घेण्याचं कारणच नव्हतं. मग मार्चअखेर लॉकडाऊन लागला. गावात जायला पास, नमुना पाठवायला गाडी नाही. प्लीहेचे तुकडे आणि रक्त बर्फात घालून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पोचवायचं, म्हणजे देश आडवा पार करायचा. आफ्रिकन स्वाइन फीवर असल्याचं मे महिन्यात जाहीर झालं. तू बातम्यांच्या तारखा घेतल्यास तर तुझ्या नकाशावर हे सगळे जिल्हे एकाच आठवड्यात पेटलेले दिसतील, जणू रोग विमानातून फवारला. प्रत्यक्षात तो तीन-चार महिने पायी चालत होता.

म्हणून मी घरोघर फिरून एकच गोष्ट विचारायची : पहिलं डुक्कर कधी मेलं? तारीख कुणालाच आठवत नाही. मग विचारायचं, रोंगाली बिहूच्या आधी की नंतर? लॉकडाऊन लागला तेव्हा किती उरली होती? भात कापून झालं होतं का? असं करत दिवस धरायचा. ज्या भागात मी फिरले तिथल्या वीस-पंचवीस घरांचा नकाशा या तारखांनी पुन्हा काढला, तेव्हा एक गठ्ठा दिसणारे ठिपके रांगेला लागले. रांग बाजाराच्या रस्त्याने जात होती, आणि एक फाटा पाण्याच्या कडेने. त्या मे महिन्यात ब्रह्मपुत्रेतून मेलेली डुकरं वाहत आलेली लोकांनी पाहिली होती, त्यामुळे पाण्याचं मला नवल वाटलं नाही. रस्त्याचं वाटलं.

आता लाल रंग. २०१९ च्या पशुगणनेत देशात नव्वद लाखांच्या आसपास डुकरं होती, त्यातली एकवीस लाख एकट्या आसामात. नुसते आकडे रंगवलेस तर आसाम कायमच लाल राहणार, कारण तिथे डुकरंच जास्त. दर हजार डुकरांमागे किती, असं रंगव. आणि जिल्ह्याचा आकार विसरू नकोस. मोठ्या जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात चार गावं बाधित असली की अख्खा जिल्हा रंगतो, वाचणाऱ्याला वाटतं सगळं बुडालं. बारा ठिपक्यांवर तो ढगासारखा हीट मॅप पसरवण्याचा मोहही आवर. दिसतो छान, सांगत काही नाही.

आपल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात उद्रेकाच्या जागेभोवती एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरचं निगराणी क्षेत्र आखतात. सपाटीवर ते ठीक. मिझोराममध्ये रोग पहिल्यांदा नोंदला गेला २०२१ च्या मार्चमध्ये, लुंगलेई जिल्ह्यातल्या लुंगसेनला, बांगलादेशच्या सीमेजवळ. पुढे मी तिकडे गेले तेव्हा कंपास घेऊन गोल काढायची मला लाज वाटली. एका डोंगरसोंडेवरचं गाव समोरच्या सोंडेवरून हाक मारली तर ऐकू येतं आणि गाडीने जायला दीड तास लागतो. विषाणू हाकेच्या अंतराने जात नाही, गाडीच्या अंतराने जातो. तेव्हा सरळ रेषेचं अंतर मोजू नकोस, रस्त्याचं मोज.

आणि उड्या बघ. युरोपात रानडुकरांमधून हा रोग आपसूक पसरतो तेव्हा वर्षाला काही किलोमीटरच सरकतो. पण १९५७ ला तो आफ्रिकेतून थेट पोर्तुगालच्या लिस्बनला उतरला. २००७ ला जॉर्जियाच्या पोती बंदराजवळ निघाला, आणि तिथल्या विषाणूची जनुकं जुळली ती मोझांबिक, मादागास्कर, झांबिया भागातल्या विषाणूंशी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या शेनयांगला. २०२२ च्या जुलैत केरळात वायनाडच्या मानंतवाडीला ठिपका उमटला, तो ईशान्येच्या ठिपक्यांपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर. इतकं अंतर कुठलंही रानडुक्कर चालत नाही. छोटी पावलं एका रंगात दाखव, उड्या दुसऱ्या रंगात. तुझ्या प्रकल्पात एवढं जरी नीट आलं तरी तो बाकीच्यांहून वेगळा होईल.

जोखमीचे घटक काढायची सोपी रीत म्हणजे बाधित घरं आणि त्याच भागातली वाचलेली घरं यांची तुलना. समजा, बाधित ४० घरांपैकी ३० जण हॉटेलचं खरकटं घालत होते, १० नाही. वाचलेल्या ८० पैकी २० घालत होते, ६० नाही. तिरका गुणाकार कर : (३० गुणिले ६०) भागिले (१० गुणिले २०). उत्तर ९. म्हणजे बाधित घरांत खरकटं घालण्याचं पारडं नऊ पट जड. हे आकडे फक्त समजावण्यासाठी मी रचलेत, कुठे उद्धृत करू नकोस.

इथे एक खोच आहे, ती मला वर्गात कुणी शिकवली नव्हती. ज्याची डुकरं मेली त्याला त्या महिन्यात घरी आलेला प्रत्येक माणूस आठवतो. मेहुणा आला होता, व्यापारी आला होता, पलीकडच्या गावची एक बाई पिल्लं बघून गेली. तो रात्ररात्र तेच उगाळत असतो. ज्याची वाचली त्याला काहीच आठवत नाही, तो म्हणतो, कोणी आलं नाही. मग तुझ्या गणितात 'पाहुणे' हा घटक उगाच फुगतो. आणि खरकट्याचं उलटं. ते घालू नये असं सांगून झालेलं असतं, म्हणून ज्याची मेली तो सरळ नाही म्हणतो. मी तोंडाला विचारणं सोडून दिलं. मागच्या अंगणात जाऊन डब्यात काय आहे ते बघायचे.

आणखी एक. घराचा नेमका अक्षांश-रेखांश छापू नकोस. गावात त्या घराकडे वर्षानुवर्षं बोट दाखवतात.

प्रश्न : माझ्याकडे बावीस यॉर्कशायर माद्या आहेत. सोलापूर रोडवरच्या ढाब्यांचं उरलेलं अन्न आणून घालतो, त्यावरच धंदा चालतो. विकतचं खाद्य परवडत नाही. हे बंद करा म्हणू नका, दुसरं काही सांगा. — एक वराहपालक

दादा, बंद करा म्हणत नाही. उकळा म्हणते. पूर्ण पातेलं रटरट उकळी येऊन अर्धा तास, मधूनमधून ढवळत. वरवर गरम केलेलं चालणार नाही, डुकराच्या मांसाचा तुकडा आतून थंड राहतो आणि विषाणू तिथेच बसतो. कच्च्याची बादली आणि शिजवलेल्याची बादली वेगळी. हे सगळ्यांना कळतं आणि तिसऱ्या दिवशी एकच बादली होते. एकीला लाल रंग मारा. सरपण महाग आहे हे मला माहीत आहे, तरीही.

पण तुम्ही एकट्या खरकट्यावर नजर ठेवून बसू नका. चीनची गोष्ट सांगते. तिथे सुरुवातीचे २१ उद्रेक तपासले, तर ६२ टक्के खरकट्याशी जोडलेले निघाले. खरकटं घालण्यावर बंदी आली. मग ६८ उद्रेकांचा हिशेब झाला तेव्हा पहिल्या नंबरवर गाड्या आणि माणसं, ४६ टक्के. खरकटं ३४. जिवंत डुकरांची आणि मालाची ने-आण १९. एक दार लावलं की दुसरं उघडं दिसायला लागतं. २०१९ मध्ये चीनमधली डुकरांची संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली.

तुमच्याकडचं दुसरं दार म्हणजे व्यापाऱ्याचा टेम्पो. तो सकाळी कुणाच्या शेडवरून आला, मागच्या फळीला कोणाची लीद लागलेली आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. टेम्पो शेडपर्यंत येऊ देऊ नका. रस्त्यावर उभा करा, डुकरं तुम्ही तिथवर हाकत न्या, आणि परत आलात की बूट धुवून औषधात बुडवा.

बुटांवरून आठवलं. एका सकाळी मी तीन घरं तपासली, तिसऱ्या घरी लक्षात आलं की दुसऱ्या घरी पायांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांपैकी एक फाटली होती आणि मी तशीच चालत आले होते. तिसऱ्या घरच्या बाईंना मी तिथेच सांगितलं. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, चहा दिला. त्यांची डुकरं दहा-बारा दिवसांनी आजारी पडली. माझ्यामुळे, की त्या गल्लीत तोवर सगळीकडेच पोचलं होतं म्हणून, हे कधीच सिद्ध होणार नाही. माझ्या वहीत त्या घराच्या जोखमीच्या रकान्यात मी 'पशुवैद्यकाची भेट' असं लिहिलं आहे. तुमच्याकडे लस टोचायला कोणी आलं तर त्याचेही पाय बघा, आमचीही गय करू नका.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड. एक-दोन मेली की उरलेली पटकन विकून टाकावीशी वाटतात. अगदी समजण्यासारखं आहे, बावीस माद्या म्हणजे घर आहे. पण हा रोग सुरुवातीला हळू असतो. एका खणात एक मरतं, चार दिवस शांत, मग दुसरं. त्या शांत दिवसांत चांगली दिसणारी जनावरं टेम्पोत चढतात आणि नकाशावर नवी उडी पडते. नुकसानभरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात, पण ती सरकारने मारलेल्या जनावरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशिरा कळवलंत तर हातात काही उरत नाही. पैसे वेळेवर येतात का? मी पाहिलेल्या गावांत लोकांनी खूप वाट पाहिली. तुम्हाला खोटं सांगून काय करू.

प्रश्न : आमच्याकडे सणावाराला चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, होतोच. या रोगाच्या बातम्या ऐकून मुलगी खाऊ देत नाही. खावा का? — एक गृहिणी, मडगाव

खुशाल खा, मुलीला माझं नाव सांगा. माणसाला यातून काही होत नाही.

काळजी दुसऱ्या बाजूने घ्यायची. हा विषाणू चिवट आहे. खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो, गोठवलेल्यात वर्षांच्या हिशेबात. साठ अंश उष्णतेला मरायला त्याला वीस मिनिटं लागतात. तेव्हा चोरिसची आवरणं, कापताना पडलेले तुकडे, भांडं धुतलेलं पाणी परसातल्या डुकराच्या वाट्याला जाऊ देऊ नका. आणि ईशान्येहून किंवा केरळातून कुणी प्रेमाने सुकं पोर्क आणलं, तर ते तुम्ही खा, उरलेलं जाळा.

१९५७ ला लिस्बनला नेमकं हेच झालं. अंगोलाहून येणाऱ्या विमानांतलं उरलेलं जेवण विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं गेलं, आणि आफ्रिकेबाहेर रोगाचं पाऊल पडलं. तेव्हा गोवाही पोर्तुगालच्याच अमलाखाली होता. तेच खरकटं दाबोळीच्या विमानतळावर उतरलं असतं तर, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. अगोंडा गोवन ही तुमची डुकरांची गावठी जात आज नोंदणी झालेल्या देशी जातींत आहे.

प्रश्न : रात्री रानडुकरांचे कळप धानात शिरतात. त्यांच्यापासून गावातल्या डुकरांना हा रोग होईल का? मारून टाकावीत का? — एक शेतकरी, भंडारा जिल्हा

जिवंत रानडुकराहून मेलेलं रानडुक्कर महत्त्वाचं. बांधावर, ओढ्यात कुठे मरून पडलेलं दिसलं आणि अंगावर गोळीची किंवा फाशाची खूण नसेल, तर हात न लावता वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्याचं मांस वाटून खाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. कातडी आणि आतडी गावाच्या उकिरड्यावर येतात, तिथेच गावची डुकरं चरतात. मारायला धावू नका. कळप फुटून दहा दिशांना पळतो आणि रोग असलाच तर तोही.

चेक प्रजासत्ताकात २०१७ ला झ्लीन शहराजवळच्या रानडुकरांत रोग आला. त्यांनी आधी ते क्षेत्र कुंपणाने आणि वासाच्या औषधांनी बांधून घेतलं, आत लोकांना जायला बंदी केली, मेलेली शोधून उचलली, नेमबाज मागाहून आणले. तिथून रोग गेला. आसामात २०२० ला काझीरंगाच्या अगोरातोली बाजूला दोन किलोमीटरचा चर खणला होता, आतली रानडुकरं आणि बाहेरची पाळीव एकमेकांना भेटू नयेत म्हणून. तिकडे आणखी एक भीती होती. मानसच्या गवतात पिग्मी हॉग राहतो, हाताच्या लांबीपेक्षा फार मोठा नसलेला, जगातला सगळ्यात छोटा रानडुक्कर. तो गेला तर दुसरीकडून आणायची सोय नाही.

प्रश्न : तुमच्या नकाशात काही ठिपके भरीव आणि काही पोकळ आहेत, त्याचा खुलासा नव्हता. आणि ठिपका पुसायचा कधी? — एक निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, बरोबर पकडलंत. खुलासा लिहायचा राहिला. भरीव म्हणजे रोग चालू. पोकळ म्हणजे जनावरं संपली, शेड धुतलं, पण पुन्हा डुक्कर पाळलेलं नाही. पुसायचा तेव्हा, जेव्हा धुतलेल्या जागेत आधी दोन-तीन पिल्लं पहारेकरी म्हणून सोडतात, ती काही आठवडे धडधाकट राहतात, आणि मग घरचा कळप परत येतो. पोर्तुगालने १९९३ मध्ये रोग संपवला होता. १९९९ ला अलेंतेजूमधल्या एका शेतावर तो पुन्हा निघाला, जुन्या गोठ्यातल्या गोचिडांच्या पोटातून. म्हणून पुसायची मला घाई नसते.

मिझोराममध्ये २०२१ या एका वर्षात तेहेतीस हजारांवर डुकरं मेली. तिथे ख्रिसमसला डुक्कर नसणं म्हणजे काय, हे आपल्याला पुरणपोळीविना होळीवरूनसुद्धा नीट कळणार नाही. तिथल्या एका डोंगरउतारावर खांबांवर उभं असलेलं एका आजींचं घर आहे, घराच्या मागे फळ्यांचा डुक्करवाडा. झोवॉक जातीची काळी, आखूड पायांची तीन होती, तिन्ही गेली. अळूची पानं शिजवायचं मोठं पातेलं पालथं पडलेलं. दोन वर्षांनी पुन्हा गेले तर वाड्याच्या फळ्यांवर इस्कुस या फळभाजीचा वेल चढवलेला, फळं लोंबत होती. मी विचारलं, पिल्लू कधी आणणार? त्या म्हणाल्या, वेल सुकला की बघू. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत चार फळं टाकली. वहीत तो ठिपका अजून पोकळ आहे.